रहिवाशांचा मुखत्यार

ज्या हातांनी सकाळी उठवून बसवावे, न्हाऊ घालावे, घास भरवावा आणि रात्री कूस बदलून द्यावी, त्याच हातांविरुद्ध फिर्याद करण्याची पाळी एखाद्या जराजर्जर माणसावर आली, तर ती फिर्याद त्याने कोणापुढे ठेवावी, हा प्रश्न वरवर पाहता कायद्याचा वाटला तरी मुळात तो भयाचा आहे. पोलिसांकडे जावे तर पाय चालत नाहीत. वकील गाठावा तर शिल्लक संस्थेच्या बिलातच संपलेली असते. मुलांना सांगावे तर ती दूरगावी, आणि आईला किंवा बापाला तेथे ठेवल्याची टोचणी त्यांच्या मनात आधीच असल्यामुळे ती एक तर संतापून अनर्थ करतात, नाही तर ऐकलेले मनावर घेत नाहीत. शिवाय आज तक्रार केली आणि उद्या घंटा वाजवल्यावर कोणी आलेच नाही तर? या एका शंकेपाशी असंख्य तक्रारी ओठांतल्या ओठांत विरतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच भयाचा विचार करून एक स्वतंत्र अधिकारपद निर्माण केले. त्या पदाचे स्वरूप, त्यावर बसणाऱ्याची पात्रता आणि त्याची कर्तव्ये यांची ओळख मराठी वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. तिकडे या अधिकाऱ्याला लाँग टर्म केअर ऑम्बुड्समन म्हणतात. बँकांविरुद्धच्या तक्रारींच्या निमित्ताने आपल्याकडे लोकपाल हे नाव परिचयाचे झालेले आहे, म्हणून पुढे मी तेच वापरतो.

तिकडची नर्सिंग होम म्हणजे आपल्या शहरांतून डॉक्टर मंडळी चालवितात ती छोटी इस्पितळे नव्हेत. ज्यांना घरी सांभाळणे अशक्य झाले आहे अशा वृद्धांची व अपंगांची ती महिनोन् महिने, पुष्कळदा अखेरपर्यंतची वस्तीची ठिकाणे आहेत. 1965 साली वृद्धांसाठी मेडिकेअर व निर्धनांसाठी मेडिकेड या दोन सरकारी योजना अमलात आणण्याचा कायदा झाला आणि या ठिकाणांकडे सरकारी पैशाचा ओघ सुरू झाला. पैसा आला की पैशावर डोळा असणारेही येतात; नफ्यासाठी काढलेल्या संस्थांची संख्या भराभर वाढली आणि देखरेखीची यंत्रणा मात्र मागेच राहिली. 1970 च्या जानेवारीत ओहायो राज्यातील मॅरिएटा या गावी अशाच एका संस्थेला आग लागून तीसहून अधिक वृद्ध दगावले, तेव्हा या इमारतींच्या आत काय चालते याकडे देशाचे लक्ष वेधले गेले. पुढल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सुधारणेचा आठ कलमी कार्यक्रम जाहीर केला. रहिवाशांच्या तक्रारींची दखल घेणारी व्यवस्था उभारण्यास राज्यांना साहाय्य करावे, असे त्यात एक कलम होते.

त्या कलमातून 1972 साली पाच राज्यांत प्रायोगिक कार्यालये निघाली: आयडाहो, पेनसिल्व्हेनिया, दक्षिण कॅरोलिना, विस्कॉन्सिन आणि मिशिगन. (योगायोग असा की, राज्यकारभाराविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे आपल्या महाराष्ट्राचे लोकायुक्त हे पदही त्याच वर्षी प्रत्यक्ष कार्यरत झाले. दोन्ही पदांचे मूळ स्वीडनने 1809 मध्ये घालून दिलेल्या परिपाठात आहे, परंतु एकाने मंत्र्यांच्या व अधिकाऱ्यांच्या दफ्तरात डोकावायचे आणि दुसऱ्याने म्हाताऱ्यांच्या उशाशी बसायचे, एवढे अंतर त्यांच्यात पडले.) या प्रयोगाला देशव्यापी रूप देण्याचे श्रेय आर्थर फ्लेमिंग यांना दिले जाते. आयझेनहॉवर यांच्या मंत्रिमंडळात आरोग्य व शिक्षण खाते सांभाळलेला हा गृहस्थ, स्वतः सत्तरीला टेकलेला असताना, केंद्र शासनाचा वार्धक्यविषयक आयुक्त होता, आणि सरकारी निरीक्षक वर्षातून एकदा येऊन जातो तेवढ्याने भागत नाही, रहिवाशाच्या बाजूचे कोणीतरी सतत दारात दिसले पाहिजे, या मताचा होता. वृद्धांविषयीच्या केंद्रीय कायद्याच्या 1978 च्या दुरुस्तीने प्रत्येक राज्याला असे कार्यालय ठेवणे बंधनकारक झाले. 1981 मध्ये लहान निवासी वसतिगृहेही त्याच्या कक्षेत आली आणि नर्सिंग होमचा लोकपाल हे पूर्वीचे नाव जाऊन दीर्घकालीन शुश्रूषेचा लोकपाल हे व्यापक नाव आले. 1987 च्या डिसेंबरात संमत झालेल्या नर्सिंग होम सुधारणा कायद्याने रहिवाशांच्या हक्कांची सनद तयार झाली, आणि ज्याच्या आधारावर भांडायचे ते शस्त्र लोकपालाच्या हाती आले.

आता पात्रतेविषयी. हा अधिकारी डॉक्टर असावा, वकील असावा किंवा निदान परिचारिका तरी असावी, असे कोणाच्याही मनात प्रथम येईल. केंद्र शासनाने 2015 साली प्रसिद्ध केलेल्या आणि पुढील वर्षाच्या जुलैपासून अमलात आलेल्या नियमांत तसे काही नाही. राज्याच्या मुख्य लोकपालाला दीर्घकालीन शुश्रूषेचा किंवा वृद्धांच्या व अपंगांच्या प्रत्यक्ष सेवेचा अनुभव असावा, सेवा घेणाऱ्यांच्या बाजूने सार्वजनिक धोरणाची वकालत करता यावी, कार्यालय चालविण्याचे नेतृत्वगुण असावेत आणि तडजोड घडवून आणण्याचे कौशल्य असावे, एवढ्याच गोष्टी त्यांत सांगितल्या आहेत. पदवीविषयीचे मौन बोलके आहे. त्याच नियमांचा खरा कटाक्ष आहे तो हितसंबंधांवर. लोकपालाचा किंवा त्याच्या निकटच्या कुटुंबीयांचा कोणत्याही शुश्रूषा संस्थेत मालकीचा वाटा नसावा, तिच्या व्यवस्थापनात हात नसावा, तिच्याकडून पगार, देणगी वा बक्षीस घेतलेले नसावे, आणि अशा संस्थांना परवाने देणाऱ्या खात्याशी त्याचा संबंध नसावा. ज्ञानाची उणीव प्रशिक्षणाने भरून काढता येते, निष्ठेची येत नाही, हे नियम करणाऱ्यांनी ओळखले होते असे म्हणावे लागते.

प्रशिक्षणाची व्यवस्थाही नेमकी आहे. मुख्य लोकपालाच्या हाताखाली जिल्ह्याजिल्ह्यांतून पगारी प्रतिनिधी असतात आणि त्यांच्या जोडीला मोठ्या संख्येने स्वयंसेवक असतात. निवृत्त शिक्षक, गृहिणी, पूर्वी स्वतःच्या आईला अशा संस्थेत ठेवलेल्या मुली. या सर्वांना प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी किमान 36 तासांचे शिक्षण घ्यावे लागते, त्यातला काही भाग प्रत्यक्ष संस्थांत जाऊन. आणि पुढे दरवर्षी 18 तासांची उजळणी होते. स्वयंसेवकाच्या हाती प्रमाणपत्र पडले की त्याचा अधिकार पगारी प्रतिनिधीसारखाच असतो: संस्थेत जाण्याचा, रहिवाशाशी एकांतात बोलण्याचा, आणि रहिवाशाच्या संमतीने त्याची कागदपत्रे पाहण्याचा. संस्थाचालकाने त्याला अडविणे किंवा तक्रार केल्याबद्दल रहिवाशाचा सूड घेणे कायद्याने निषिद्ध आहे.

त्याचे रोजचे काम कसे चालते, हे समजून घेतल्याखेरीज या पदाची किंमत कळत नाही. पूर्वसूचना न देता तो संस्थेत येतो, खोल्याखोल्यांतून फिरतो, जेवणाच्या वेळी भोजनगृहात बसतो. त्याच्यापुढे येणाऱ्या गाऱ्हाण्यांत भयंकर प्रकार असतातच, मारहाण असते, उपासमार असते, चोरी असते. परंतु बहुतेक गाऱ्हाणी बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटतील अशी असतात. घंटा वाजवून अर्धा तास झाला तरी शौचाला नेण्यास कोणी आले नाही. कवळी धुण्याच्या कपड्यांबरोबर गेली ती गेलीच. कानाचे यंत्र हरवले, म्हणून भेटीला आलेल्या नातवाचे बोलणे ऐकू आले नाही. जेवण गार असते. सायंकाळी सहालाच निजवितात. ज्याचे सारे जग एका पलंगाएवढे आक्रसले आहे त्याच्या दृष्टीने यातली एकही गोष्ट क्षुल्लक नसते, हे ओळखणे लोकपालाच्या कसबाचा पहिला भाग होय. दुसरा भाग असा की, त्याने तक्रार ऐकल्याबरोबर व्यवस्थापकाच्या खोलीकडे धाव घ्यावयाची नसते. आधी रहिवाशाला विचारावयाचे: तुम्हांला यातून काय निष्पन्न व्हायला हवे आहे? माझ्याकडून काय करवून घ्यायचे आहे? तुमचे नाव घेतले तर चालेल काय? मग कागद पाहावयाचे, परिचारिकांची कैफियत ऐकावयाची, शुश्रूषेचा आराखडा ठरविणाऱ्या बैठकीत रहिवाशाशेजारी बसावयाचे, आणि पुष्कळदा केवळ त्याला बोलण्याचे धैर्य द्यावयाचे. रहिवाशांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची मंडळे उभी राहावीत, यासाठीही तो झटतो.

दंड करण्याचा, परवाना काढून घेण्याचा किंवा हुकूम सोडण्याचा अधिकार त्याला नाही. तो अधिकार राज्याच्या तपासणी खात्याचा. लोकपाल तेथे तक्रार नेऊ शकतो, निरीक्षकांना माहिती देऊ शकतो, एवढेच. या निःशस्त्रतेवर पुष्कळांनी टीका केली आहे आणि वरवर पाहता ती रास्तही वाटते. माझे मत मात्र वेगळे आहे. ज्याच्या हाती दंड असतो त्याला दोन्ही पक्षांना समदृष्टीने पाहावे लागते, पुरावा तोलावा लागतो, आणि पुरावा अपुरा पडला की हात झटकून मोकळे व्हावे लागते. लोकपाल न्यायाधीश नसल्यामुळेच त्याला निःसंकोचपणे एका बाजूचा होता येते. संस्थेचे म्हणणे मांडायला संस्थेकडे वकील आहेत, हिशेबनीस आहेत, संघटना आहेत. रहिवाशाकडे हा एक माणूस आहे.

या एकपक्षीपणाची खरी कसोटी संमतीच्या नियमात लागते, आणि तेथे मला थोडे थांबावेसे वाटते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत असा कायदा आहे की, वृद्धाचा छळ होत असल्याचा संशय आला तर डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक इत्यादींनी तो तत्काळ सरकारी अधिकाऱ्यांना कळविलाच पाहिजे. लोकपाल या सक्तीतून वगळलेला आहे. रहिवाशाने, ‘हे तुमच्यापाशीच राहू द्या’, असे सांगितले, तर केंद्रीय कायद्याप्रमाणे त्याची ओळख लोकपालाला उघड करता येत नाही. राज्याचा कायदा वेगळे सांगत असला तरीही. मारहाण सोसणारी वृद्धा हात जोडून म्हणते की, बोलू नका. आणि ज्याला तिच्या रक्षणासाठी नेमले तो बोलत नाही. आपल्या संस्कारांत वाढलेल्या वाचकाला हे निर्दय वाटेल. आपण वडीलधाऱ्यांचा आदर करतो तो बहुधा त्यांच्यावतीने निर्णय घेऊन. त्यांच्या ‘नको’ला आपण लाडिक हट्ट मानतो, आणि आपला आग्रह हेच त्यांचे हित असे धरून चालतो. या नियमाच्या मागची भूमिका नेमकी उलट आहे. संस्थेत पाऊल ठेवल्यापासून त्या माणसाच्या वतीने सगळेच ठरवीत आले आहेत: डॉक्टर औषध ठरवितो, मुलगा पैशांचे पाहतो, आहारतज्ज्ञ मीठ बंद करतो. निदान एक माणूस तरी असा असावा की, ज्याच्यापाशी बोललेला शब्द बोलणाऱ्याच्या परवानगीवाचून बाहेर पडणार नाही. तो विश्वास एकदा गेला तर उद्या कोणीच त्याच्यापाशी बोलणार नाही. अर्थात लोकपालाने तेथेच हात बांधून बसावे असे नाही. तो वारंवार भेटीला येतो, परिणाम समजावून सांगतो, नाव न घेता साऱ्या मजल्याची स्थिती व्यवस्थापकापुढे मांडता येते का ते पाहतो. आणि ज्याला बोलणेच शक्य नाही, स्मृती व विवेक दोन्ही गेले आहेत, त्याच्या बाबतीत त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीला विचारतो. तो प्रतिनिधीच अपराधी असल्याचा सबळ संशय असेल किंवा कोणीच प्रतिनिधी नसेल, तर मुख्य लोकपालाच्या अनुमतीने पुढे जातो. मला हा नियम योग्य वाटतो, जरी त्याची किंमत कधी कधी भयंकर असली तरी.

न्यू जर्सी राज्याने या पदावर जो भार टाकला तो इतरत्र क्वचितच दिसेल. तेथे 1977 च्या कायद्याने संस्थांतील वृद्धांसाठी लोकपाल नेमला गेला. पुढे क्लेअर कॉनरॉय नावाच्या 84 वर्षांच्या, बुद्धी जवळजवळ पूर्ण मावळलेल्या वृद्धेच्या नाकातून घातलेली अन्ननलिका काढावी, असा अर्ज तिच्या भाच्याने न्यायालयात केला. अपील चालू असतानाच, 1983 मध्ये, नलिका नाकात तशीच असताना ती वृद्धा वारली. तरीही प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 च्या जानेवारीत निकाल दिला. नर्सिंग होममधील अशा रुग्णांचे जीवनाधार उपचार थांबविता येतील, परंतु तत्पूर्वी लोकपालाला कळविले पाहिजे. त्याने अशी प्रत्येक सूचना छळाचा संभाव्य प्रकार समजून तपासली पाहिजे. आणि संस्थेशी संबंध नसलेल्या दोन डॉक्टरांनी रुग्णाच्या स्थितीची खात्री करून दिली पाहिजे, असे त्या निकालात ठरले. इस्पितळातील रुग्णाभोवती नातलगांचा व डॉक्टरांचा राबता असतो, तसा नर्सिंग होममधील रहिवाशाभोवती नसतो, म्हणून तेथे त्रयस्थाची नजर अधिक आवश्यक, हे न्यायमूर्तींचे निरीक्षण मार्मिक होते. दोनच वर्षांनी दुसऱ्या एका बाईच्या खटल्यात लोकपालाने नलिका काढण्यास नकार दिला आणि न्यायालयाने त्याचा नकार फिरविला. कारण त्या बाईने शुद्धीत असताना आपली इच्छा स्पष्टपणे प्रकट केली होती. रहिवाशाची इच्छा हेच अंतिम प्रमाण, हे त्या निकालाने खुद्द लोकपालालाही शिकविले.

मृत्यूपेक्षा रोजच्या व्यवहारात अधिक वेळा येणारे संकट म्हणजे हकालपट्टी. नर्सिंग होममधून येणाऱ्या तक्रारींत कित्येक वर्षे हीच अग्रस्थानी आहे. कारण उघड आहे: इस्पितळातून आलेल्या रुग्णासाठी मेडिकेअर दर आजारपणाला फार तर 100 दिवस पैसे देते, आणि ती मुदत संपून कमी दराने पैसे देणाऱ्या मेडिकेडची पाळी आली की चालकांना तो पलंग अचानक दुसऱ्या कोणासाठी हवासा वाटू लागतो. कायद्याने सहाच कारणांनी रहिवाशाला बाहेर काढता येते: त्याच्या गरजा तेथे भागत नसतील, त्याची प्रकृती इतकी सुधारली असेल की सेवेची गरज उरली नाही, त्याच्यामुळे इतरांच्या सुरक्षिततेला धोका असेल, इतरांच्या आरोग्याला असेल, त्याने पैसे भरले नसतील, किंवा संस्थाच बंद होत असेल. सामान्यतः 30 दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते, आणि 2016 च्या केंद्रीय नियमांनुसार चालकाने हकालपट्टीच्या नोटिशीची एक प्रत लोकपालाकडेही पाठवावयाची असते. तरीही एक युक्ती राहतेच: रहिवाशाला काही निमित्ताने इस्पितळात पाठवायचे आणि परत घ्यायचे नाही. अशा वेळी लोकपाल रहिवाशाला अपील करण्याची रीत समजावून देतो, सुनावणीत त्याच्या बाजूला उभा राहतो, आणि पुष्कळदा नुसत्या त्याच्या फोननेच पलंग पुन्हा रिकामा सापडतो.

इतके असून या पदाची पायाभरणी मात्र ठिसूळ आहे. लोकपाल हा बहुतेक राज्यांत राज्य शासनाच्याच एखाद्या खात्यात बसतो, आणि त्याने ज्यांच्या कारभारावर बोट ठेवायचे त्यांचे हात राजकारण्यांच्या खांद्यांपर्यंत पोचलेले असतात. फ्लॉरिडाच्या लोकपालाने 2011 च्या आरंभी संस्थांकडे त्यांच्या मालकांची माहिती मागितली आणि थोड्याच दिवसांत त्याला राजीनामा द्यावा लागला. केंद्रीय खात्याने पुढे त्या राज्याच्या वागणुकीवर ठपका ठेवला, पण माणूस गेला तो गेलाच. 2015 च्या नियमांत, लोकपालाने विधिमंडळापुढे व वृत्तपत्रांतून वरिष्ठांच्या परवानगीवाचून बोलता येईल, असे स्पष्ट लिहून ठेवण्यात आले. मनुष्यबळाची स्थितीही अशीच. दर 2000 पलंगांमागे निदान एक पूर्णवेळ पगारी प्रतिनिधी असावा, अशी शिफारस राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या एका समितीने 1995 मध्ये केली होती. कित्येक राज्ये त्या मापापासून दूरच राहिली. आणि 2020 च्या मार्चमध्ये करोनामुळे नर्सिंग होमची दारे सर्व भेटकऱ्यांना बंद झाली, तेव्हा लोकपालही बाहेर राहिला. जेथे मृत्यूचे थैमान सर्वांत मोठे होते, तेथेच रहिवाशाच्या बाजूचे डोळे महिनोन् महिने आत जाऊ शकले नाहीत. त्या काळात फोन आणि खिडकीच्या काचेआडून चाललेल्या भेटी यांवरच काम निभावावे लागले.

आपल्या देशातील 2007 च्या कायद्याने ज्येष्ठ नागरिकांसाठी प्रांताधिकाऱ्याच्या किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली न्यायाधिकरणे निर्माण केली, वकिलांना तेथे मज्जाव केला आणि वृद्धाची इच्छा असल्यास त्याच्यावतीने बोलण्यासाठी निर्वाह अधिकारी दिला; प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांची सोय करणारा एक तरी वृद्धाश्रम राज्याने उभारावा, असेही त्यात आहे. त्या न्यायाधिकरणापुढील दावा मात्र मुलांकडून पोटगी मिळविण्याचा असतो. वृद्धाश्रमाच्या भिंतींच्या आत चालकाविरुद्ध रहिवाशाच्या बाजूने उभा राहणारा, चालकाच्या पगारात नसलेला मुखत्यार त्या कायद्याने नेमलेला नाही; आणि शहराशहरांतून खाजगी वृद्धाश्रम दिवसेंदिवस वाढत असता ही उणीव दुर्लक्षिण्यासारखी नाही. महाराष्ट्राने लोकायुक्ताच्या बाबतीत एकदा पुढाकार घेतला होता. याही बाबतीत तो घ्यावा, असे मला वाटते.

तोवर ज्या मराठी कुटुंबांतील वडीलधारी माणसे न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये किंवा कॅलिफोर्नियात अशा संस्थेत राहत असतील, त्यांनी एवढे करावे: भेटीला गेल्यावर दर्शनी भागात लावलेला लोकपालाचा फलक शोधावा (तो लावणे संस्थेवर बंधनकारक आहे), त्यावरील दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून आईवडिलांच्या उशाशी ठेवावा, आणि पथ्य, पूजा, भाषा यांपैकी कोणत्याही अडचणीसाठी त्या क्रमांकावर फोन करता येतो हे त्यांना समजावून सांगावे. या सेवेसाठी रहिवाशाकडून एक पैसाही घेतला जात नाही.